आबांचा 386, फुईबाईची कानबाई

12 जानेवारी 2025 ला, रविवारी, अमळनेरच्या घराच्या माळ्यावरून आम्ही आबांचा कॉम्प्युटर खाली उतरवला. वरून गोणपाट, आत उंदरांनी कुरतडलेलं प्लॅस्टिक. मी धुळ्याहून सुट्टीला माहेरी आले होते आणि आईनं माळा आवरायला काढला होता. भंगारवाला गल्लीतच उभा होता. कॅबिनेट, मॉनिटर आणि प्रिंटर मिळून साडेतीनशे रुपये देतो म्हणाला. आबा म्हणाले, "देई टाक. हाऊ डबा आते काय कामना?"

मी दिला नाही. त्या डब्यात फुईबाईची गाणी होती.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. फुईबाई आबांची थोरली बहीण. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची देवी, बसते. भाऊबंद एकत्र येऊन रोट करतात, रात्रभर बायका गाणी म्हणतात आणि सोमवारी कानबाईला नदीवर पोचवतात. फुईबाईला ही गाणी जितकी येत तितकी आमच्या भाऊबंदकीत कुणालाच येत नव्हती. 1994 च्या पावसाळ्यात, आबांचं टायपिंगचं दुकान संध्याकाळी बंद झालं की ती स्टुलावर बसून गाणी सांगायची आणि आबा टाइप करायचे. मी तेव्हा आठवीत होते, शेजारी बसून ऐकायचे. 41 गाणी झाली. छापील प्रत एकच काढली होती, ती कुणीतरी वाचायला नेली आणि परत आलीच नाही. फुईबाई 2003 मध्ये गेली.

हा कॉम्प्युटर आबांनी 1993 मध्ये बँकेचं कर्ज काढून घेतला. ज्या विप्रोनं 1945 मध्ये आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना काढला, तीच कंपनी पुढे कॉम्प्युटर बनवू लागली, म्हणून आबांना विप्रोचंच मशीन हवं होतं. कर्जाची रक्कम पुरली नाही, तेव्हा असेंबल केलेलं घेतलं. 386 प्रोसेसर, 40 मेगाहर्ट्झ, 4 एमबी मेमरी, 130 एमबीची हार्ड डिस्क, सव्वापाच इंची आणि साडेतीन इंची असे दोन फ्लॉपी ड्राइव्ह आणि काळ्या-पांढऱ्या रंगाचा मॉनिटर. यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आतल्या स्लॉटमध्ये बसवलेलं पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड. डॉसच्या, म्हणजे विंडोजआधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या, पडद्यावर मराठी अक्षर दिसायचं ते या कार्डामुळे.

आता माझी पहिली चूक सांगते, तुम्ही ती करू नका. त्याच दिवशी, धूळ झटकल्या झटकल्या, मी वायर लावून बटण दाबलं. पंखा फिरला, पाचेक सेकंद गेले, मग फट् असा आवाज झाला आणि सडक्या मासळीसारखा वास सुटला. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अवं, धूर निंघी ऱ्हायना!" बटण बंद करताना माझे हात थरथरत होते. गाणी गेली असंच मला वाटलं.

गाणी गेली नव्हती. फुटला होता तो पॉवर सप्लायमध्ये 230 व्होल्टच्या बाजूला बसवलेला फिल्टरचा कपॅसिटर. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सप्लायमध्ये हे नेहमी होतं. त्याचं आवरण तडकतं, हवेतला ओलावा आत जातो आणि वीज लावली की तो जळतो. त्यामुळे आधी सप्लाय मशीनमधून सुटा करा. जवळच्या इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बल्बचा टेस्ट बोर्ड असतो, त्यावरून तो तपासून घ्या. डिस्कला तोवर हातही लावू नका.

पुढच्या रविवारी, 19 तारखेला, कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळ्या कवचाची 3.6 व्होल्टची बॅटरी सोल्डर केलेली होती. निकेल-कॅडमियमची. ती फुटून गळली होती. भोवती हिरवट-पांढरा भुगा, आणि त्या भुग्याखाली बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा काळ्या पडलेल्या. नखानं जरा खरवडलं तर एक रेष उचलूनच आली. तारीख-वेळ आणि डिस्कची माहिती लक्षात ठेवण्याइतकंच या बॅटरीचं काम, पण बोर्डाला सगळ्यात जास्त इजा तीच करते. तुमच्या घरी असं मशीन पडून असेल तर ते चालवायचं असो वा नसो, ही बॅटरी आजच कापून काढा. बाहेर येतो तो क्षार अल्कधर्मी असतो, म्हणून मी कापसाच्या बोळ्यानं पांढरं व्हिनेगर लावलं. फेस आला. फेस थांबेपर्यंत पुसत राहिले, मग मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन दोन दिवस सावलीत वाळवलं. व्हिनेगर आणि अल्कोहोल मिळून 210 रुपये लागले.

25 जानेवारीला जळगाव. आमच्या भागात कॉम्प्युटरचं काही हवं असलं की पाय गोलाणी मार्केटकडेच वळतात. दोन मजले फिरले. बहुतेक दुकानांत तरुण मुलं, त्यांनी 386 बघितलेलाही नाही. आस्थेनं विचारपूस करत होती, पण त्यांच्याजवळ देण्यासारखं काही नव्हतं. एका कोपऱ्यात मोबाइल दुरुस्त करणारे साठीतले गृहस्थ भेटले. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, वस्तूचं नाव सांगत फिरू नका. चिपवरचा नंबर लिहून आणा. नावानं कुणी देणार नाही, नंबरानं देतील." पुढचे सहा महिने हे वाक्य मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. त्यांच्या खणातून त्यांनी जुन्या गोल पाच पिनांच्या सॉकेटमध्ये पीएस-टू कीबोर्ड लावायचं अ‍ॅडॉप्टर काढून दिलं. पैसे 60 रुपये, तेही मी आग्रह केला म्हणून.

त्याच दिवशी जुनी हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडायची यूएसबी केबल 650 रुपयांना घेतली. घरी येऊन लावली. डिस्क फिरल्याचा आवाज आला, पण लॅपटॉपला ती दिसेना. तीन केबल बदलल्या, दोन लॅपटॉप बदलले. कारण आठ दिवसांनी वाचून समजलं. त्या काळच्या लहान डिस्क सिलिंडर, हेड आणि सेक्टर या तीन आकड्यांनी पत्ता ओळखतात. आताच्या यूएसबी केबलांना सलग क्रमांकाचा पत्ता लागतो, आणि ही पद्धत त्या डिस्कला माहीतच नसते. 1995 च्या आधीची, पाचशे एमबीच्या आतली डिस्क असेल तर यूएसबी केबलवर पैसे घालवू नका. अंगचं आयडीई सॉकेट (जुन्या हार्ड डिस्कची पट्टी-केबल लावायचं) असलेला मधल्या पिढीचा कॉम्प्युटर शोधा, पेंटियम थ्री किंवा फोर.

असा कॉम्प्युटर आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत होता. एक नाही, चार. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत एकावर एक रचलेले, कुणी हात न लावलेले. मुख्याध्यापक भले गृहस्थ. म्हणाले, "माझं असतं तर आत्ता रिक्षात घालून दिलं असतं. पण हे डेडस्टॉकला आहे."

डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढलेली वस्तू मोडकी असली तरी शाळेच्या नावावर असते. ती बाहेर जायची तर निर्लेखन, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करणं, व्हावं लागतं. 3 फेब्रुवारीला मी साध्या कागदावर अर्ज दिला. त्यांनी तो परत केला. खाजगी व्यक्तीच्या अर्जावरून निर्लेखन होत नाही, शाळेनंच ठराव करायचा असतो. मग शालेय समितीच्या बैठकीची वाट. बैठक फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात झाली. ठराव झाला, पण यादीत वस्तूंचे खरेदीचे वर्ष आणि मूळ किंमत हवी होती आणि जुनं रजिस्टर सापडत नव्हतं. दहावीची परीक्षा सुरू झाली, लिपिकांना वेळ नव्हता. दर शनिवारी मी धुळ्याहून एसटीनं जायचे, चहा व्हायचा आणि परत यायचे. एका शनिवारी मी आणि शिपाईकाका मिळून कपाट उपसलं, तेव्हा रजिस्टर सापडलं. मग तीन दरपत्रकं मागवली. एक माझं, दोन भंगारवाल्यांची. त्यांनी किलोचा भाव लावला होता, मी नगाचा. 29 मार्चला, आर्थिक वर्ष संपायला दोन दिवस उरले असताना, चारही मशीन 1,150 रुपयांना माझ्या नावावर झाली. पावती हातात पडली तेव्हा मला रडूच आलं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर फेब्रुवारीत नाही, दिवाळीनंतर लगेच विचारा. आणि पावतीवर प्रत्येक नगाचा उल्लेख करून घ्या. नंतर "ते मशीन कुठं गेलं" असं विचारलं गेलं तर मुख्याध्यापकांना त्रास व्हायला नको.

चारांपैकी एक पेंटियम थ्री चालू निघाला.

डिस्कची नक्कल काढायला 6 एप्रिलची पहाट ठरवली. त्या दिवशी रामनवमी होती. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही, आणि तीस वर्षांच्या डिस्कला त्या उन्हात तासभर चालवणं मला धोक्याचं वाटलं. पाच वाजता सुरुवात केली. शाळेच्या मशीनची मूळ डिस्क काढून ठेवली, आबांची लावली आणि सीडीवरून लिनक्स सुरू केलं. डिस्कच्या लेबलवर आकडे छापलेले होते, 1001 सिलिंडर, 15 हेड, 17 सेक्टर. बायोसनं, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमनं, ते आपोआप ओळखले. मग डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम चालवला. डिस्कवर काहीही न लिहिता तो सेक्टरमागून सेक्टर वाचतो, जे वाचता येत नाही ते बाजूला ठेवून पुढे जातो आणि शेवटी त्या ठिकाणांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. डिस्कचा आवाज भरड दळणासारखा होता. आबा उठून आले, खुर्ची ओढून बसले. काही बोलले नाहीत. साडेसहाला नक्कल पूर्ण झाली. 2,55,255 सेक्टरांपैकी 19 वाचता आले नाहीत.

हा क्रम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आधी नक्कल, मग दुरुस्ती. मशीन दुरुस्त करता करता डिस्क गेली असती तर त्या दुरुस्तीला माझ्या लेखी काही अर्थ उरला नसता.

नकलेतून फाइली बाहेर काढल्या. कानबाईच्या पाच फाइली, 1994 च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या तारखांच्या. नोटपॅडमध्ये उघडल्या तर सगळी परकी चिन्हं, डोक्यावर टिंबं आणि रेघा असलेली. भाचा शिरपूरला इंजिनिअरिंगला आहे, त्याला फाइल पाठवली. त्यानं प्रत्येक चिन्हाचा आकडा काढून दिला. पहिल्याच ओळीत होतं: 179, 218, 198, 202, 218, 167.

आबांनी कपाटातून दुकानातली वही काढली. आतल्या पानावर, सेलोटेप पिवळी पडलेली, आयएससीआयआयचा तक्ता चिकटवलेला होता. भारतीय लिप्यांसाठी 1991 मध्ये भारतीय मानक ब्युरोनं ठरवलेली ही सांकेतिक पद्धत, आयएस 13194. युनिकोडचा, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या सांकेतिक पद्धतीचा, वापर रुळण्याआधी जिस्ट कार्ड याच पद्धतीनं अक्षरं साठवायचं. आबांनी चष्मा लावून तक्त्यावर बोट ठेवलं. 179 क. 218 काना. 198 न. 202 ब. 218 काना. 167 ई.

कानबाई.

त्या दिवशी दुपारी आम्ही तिघं, आबा, मी आणि फोनवर भाचा, ओळीमागून ओळ बोटानं वाचत होतो. मग भाच्यानं युनिकोडमध्ये बदलणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तुम्हाला स्वतः लिहायचा नसेल तर विंडोजमध्ये 57002 या क्रमांकाचं कोडपेज (आकडा आणि अक्षर जुळवणारा तक्ता) देवनागरीच्या याच पद्धतीसाठी आहे, त्याचा उपयोग होतो. पण नुसता अक्षराला अक्षर लावून भागत नाही. अहिराणीत "ऱ्हायना", "ऱ्हायनी" पावलापावलाला येतं, आणि भाच्याच्या प्रोग्रॅममधून प्रत्येक वेळी मोडका शब्द बाहेर पडायचा. हलंताखाली नुक्त्याचं टिंब लटकलेलं. आकडे पाहिले तर 207, 232, 233, म्हणजे र, हलंत, नुक्ता. आबांना विचारलं. ते टेबलावर बोटं आपटत आठवू लागले. कीबोर्ड समोर नव्हता, पण बोटं बरोबर फिरली. म्हणाले, "अर्धा र मोडायचा असला की हलंतानंतर नुक्ता दाबायचा." ही त्या पद्धतीतली मऊ हलंताची खूण होती. तिथला 233 नुक्ता नव्हताच. भाच्यानं तीन आकड्यांची ही जोडी आधी शोधून बदलायचा नियम घातला. ॐ आणि अवग्रहही असेच नुक्त्याच्या जोडीनं येतात, त्यांनाही वेगळा नियम लागतो.

आणखी एक गोष्ट आबांनी तेव्हा केली नसती तर फार गोंधळ झाला असता. गाणी वर्डस्टार या त्या काळच्या टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये टाइप केलेली होती, पण "डॉक्युमेंट" म्हणून नाही, "नॉन-डॉक्युमेंट" म्हणून उघडून. जुना वर्डस्टार डॉक्युमेंटमध्ये शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट (128 आणि पुढच्या आकड्यांची खूण) स्वतःच्या कामासाठी वापरतो, आणि मराठी अक्षरं नेमकी त्या आठव्या बिटवर उभी असतात. कार्ड बसवायला आलेल्या माणसानं हे 1993 मध्येच बजावलं होतं म्हणे. तुमच्याकडच्या जुन्या मराठी फाइली विचित्र दिसल्या तर त्या कोणत्या प्रोग्रॅममध्ये, कशा टाइप केल्या हे टाइप करणाऱ्यालाच विचारा. तो माणूस हयात असेल तर उद्यावर टाकू नका.

न वाचलेल्या 19 सेक्टरांपैकी 16 रिकाम्या जागेत होते. तीन मात्र तिसऱ्या फाइलमध्ये होते. एका सेक्टरात 512 बाइट, एका बाइटला एक खूण, म्हणजे दीड हजार खुणा. साधारण 35 ओळी. सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्ह शाळेच्या मशीनला जोडून आबांच्या नऊ फ्लॉप्या वाचायला घेतल्या. दोनांवर बुरशी होती. बुरशीची फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालू नका, हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडा पडतो. उरलेल्या सातांपैकी एकीवर तिसऱ्या फाइलची जुनी, अर्धवट प्रत मिळाली. 24 ओळी भरून निघाल्या. 11 राहिल्या.

इथं थांबता आलं असतं, गाणी हाताशी आली होती. पण एप्रिलच्या शेवटी आबांनी एका संध्याकाळी विचारलं, "मशीन चालू व्हई का?" वीस वर्षांत त्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं.

नंबर लिहायला घेतले. कीबोर्ड कंट्रोलरची चिप, तिच्याशेजारच्या क्षारानं खाल्लेल्या 74 मालिकेतल्या दोन लहान चिप, चिपांचे सॉकेट, पाच पिनांचं गोल सॉकेट, आणि पॉवर सप्लायसाठी 105 अंश सेल्सिअस लिहिलेले कपॅसिटर. 85 वाले स्वस्त असतात, पण आमच्या उन्हाळ्यात पेटीच्या आत काय तापमान होतं ते मला माहीत आहे, म्हणून 105 वरच अडून बसले. 23 मेच्या संध्याकाळी जळगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस धरली, 24 ला पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्या. एकूण पाच तास. 74 मालिकेतल्या चिप पहिल्याच दुकानात मिळाल्या, त्या अजूनही निघतात. कीबोर्ड कंट्रोलर सहा दुकानांत नाही म्हणाले. सातव्या ठिकाणी काउंटरमागच्या आजोबांनी नंबर वाचला, शिडी लावली आणि वरच्या पत्र्याच्या डब्यातून चार काढल्या. एक पुरेशी होती, मी दोन घेतल्या. सगळं मिळून 485 रुपये, प्रवास वेगळा.

सोल्डरिंग मला जमत नाही. धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, तिथले काका पिक्चर ट्यूबच्या काळापासूनचे. आधी नाही म्हणाले. बोर्ड भिंगाखाली धरल्यावर मात्र त्यांनी तो खाली ठेवला नाही. रोजचं काम सांभाळून करतो, वेळ लागेल, म्हणाले. लागले साडेतीन आठवडे. क्षारानं खाल्लेल्या पाच रेषांच्या जागी केसाएवढ्या बारीक, एनॅमल चढवलेल्या तारेचे जंपर टाकले. नवी बॅटरी बोर्डावर बसवू नका असं मी सांगितलं होतं. बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिना असतात, तिथून वायर काढून पेन्सिल सेलांचा तीन सेलांचा डबा कॅबिनेटच्या बाहेर चिकटवला. आता गळले तर सेल गळतील, बोर्ड नाही. (जुन्या बॅटरीच्या जागी थेट साधे सेल लावले तर बोर्ड त्यांना चार्ज करायला बघतो. मॅन्युअल नसलं तरी बोर्डावरचे जंपर, म्हणजे पिना जोडणाऱ्या लहान टोप्या, तपासल्याशिवाय ते करू नये.) सप्लाय, बोर्ड, सगळं मिळून काकांनी 900 घेतले. दोन हजार मागितले असते तरी दिले असते.

जुनी डिस्क पुन्हा चालवायची नव्हती, ती आता कापडात बांधून कपाटात आहे. तिच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. हे कार्ड आतून आयडीई डिस्कसारखंच वागतं, मधे फक्त पिना जुळवणारं अ‍ॅडॉप्टर लागतं. ते ऑनलाइन 380 रुपयांना आलं. कार्ड मात्र मोठं चालत नाही. त्या काळच्या बायोसला 504 एमबीच्या पुढचं दिसत नाही, आणि दुकानात आता लहान कार्ड मिळत नाही. मग लक्षात आलं, लग्नाचे फोटो काढणारे पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यांत हीच कार्डं वापरायचे. धुळ्यातल्या एका जुन्या फोटो स्टुडिओत विचारलं. खणात सात कार्डं पडून होती. 256 एमबीचं 150 रुपयांना दिलं.

नक्कल जशीच्या तशी कार्डावर उतरवली तर मशीन सुरू होईना. कार्डाची मोजणी 980, 16, 32 अशी, डिस्कची 1001, 15, 17. डॉस ज्या आकड्यांवर उभा केलेला असतो ते बदलले की तो सुरूच होत नाही. म्हणून फ्रीडॉस या डॉससारख्याच सिस्टिमची साडेतीन इंची फ्लॉपी बनवली, कार्ड 386 मध्येच नव्यानं विभागून, फॉरमॅट करून, सिस्टिम टाकून घेतलं आणि मग कार्ड लॅपटॉपला लावून आबांच्या फाइली वर कॉपी केल्या. फ्रीडॉस मोफत आहे, कायद्यानं मोकळा आहे आणि अजून त्याच्या आवृत्त्या निघतात. त्याची घोषणा जून 1994 मध्ये झाली, आबांच्या दुकानात गाणी टाइप व्हायला लागली त्याच पावसाळ्यात.

प्रिंटरची मला सगळ्यात जास्त धास्ती होती आणि तोच सगळ्यात सोपा निघाला. नऊ पिनांचा, 80 कॉलमचा डॉट मॅट्रिक्स. त्याची रिबन अमळनेरातच, बाजारपेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानात, 95 रुपयांना मिळाली. ट्रान्सपोर्टवाले, जिनिंगवाले, वजनकाटेवाले अजून कार्बनच्या पावत्या फाडतात, तोवर रिबनची चिंता नाही.

20 जुलै, रविवार. बायोसमध्ये 47 नंबरचा प्रकार निवडून 980, 16, 32 हाताने भरले. तारीख 2025 टाकली, ती टिकली. मेमरी मोजल्याचे आकडे वर चढले, फ्लॉपीचा खर्र आवाज आला आणि प्रॉम्प्ट उभा राहिला. वर्डस्टार उघडला, एन दाबलं, फाइलचं नाव आबांनीच टाइप केलं. पडद्यावर जाड ठोकळ्यांच्या अक्षरांत पहिलं गाणं आलं. आबांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्याच ओळीत एक वेलांटी दुरुस्त केली. "94 मधीच चुकनी व्हती," म्हणाले.

3 ऑगस्टला कानबाई बसली. 41 गाण्यांचे कागद, कडेला भोकं असलेले, बायकांच्या हातात फिरत होते. तिसऱ्या फाइलमधल्या न मिळालेल्या ओळींसाठी मी कोरी जागा ठेवून 11 रेघा मारल्या होत्या. रात्री एकच्या सुमारास त्या पानाशी आलो, सगळ्या थांबल्या. शेजारच्या ऐंशीच्या पुढच्या जिजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटत होतं झोपल्या. डोळे न उघडता म्हणाल्या, "ते तसं नही शे. मी सांगस, तू लिख." त्यांनी नऊ ओळी म्हटल्या. दोन त्यांनाही आठवल्या नाहीत.

सोमवारी बोरी नदीवर कानबाई पोचवून आलो. संध्याकाळी आबांनी दिवा लावला, मशीन सुरू केलं आणि माझ्या चुरगळलेल्या कागदावरून त्या नऊ ओळी दोन बोटांनी टाइप केल्या. उरलेल्या दोन ओळींची जागा मोकळी ठेवली. फाइल सेव्ह करून त्यांनी यादी मागवली. पाच फाइली, तीनांपुढे 1994, पहिलीपुढे 20 जुलै 2025, तिसरीपुढे 4 ऑगस्ट 2025.